आत्याचा डावा डोळा

भिजल्या दूर्वांचा हिरवा, किंचित कडवट गंध आला की मला आत्या आठवते, आणि आठवते ती दुपारी चारच्या उन्हात. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत भाद्रपदाचं तिरकं, निर्मळ ऊन घटकाभरच उतरायचं. तेवढ्यात ती ओल्या फडक्यावर दूर्वांचा ढीग पसरून बसायची. तीन पात्यांचं कोवळं टोक तेवढं खुडायचं, एकवीस झाली की दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि जुडी परातीत ठेवायची. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण अविवाहित, आमच्याच दोन खोल्यांत आयुष्य काढलेली. चाळीतल्या निम्म्या गणपतींना तिच्याच हातच्या दूर्वा जात. बाजारची जुडी कोणी दाखवली तर नाक मुरडून म्हणायची, "हा चारा गो! ह्याला दूर्वा नाही म्हणत."

प्रत्येक पातं डोळ्याशी नेऊन निरखायची तिची सवय होती, आणि त्या सवयीनंच घात केला. चतुर्थीच्या चार दिवस आधी एक चिवट पातं हातून निसटून तिच्या डाव्या डोळ्याला ओरखडून गेलं. डोळा पाण्यानं धुऊन ती पुन्हा जुड्यांकडे वळली. सणाच्या तोंडावर दवाखान्याची पायरी चढायची नाही, हा तिचा नेम.

तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला. दादरच्या ऑफिसातून मी घरी आले आणि फ्रिजमधली माझी जुनी बाटली काढली. वर्षापूर्वी माझा डोळा आला होता, तो त्या थेंबांनी दोन दिवसांत निवळला होता. तेच थेंब मी आत्याच्या डोळ्यात घातले. आश्चर्य म्हणजे लाली उतरली. "तुझ्या हाताला गुण आहे हो, बायो," ती म्हणाली, आणि मी हुरळून गेले.

विसर्जनानंतर तिच्या बुबुळावर पिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसला. परळच्या इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी तो हलकेच खरवडून तपासायला पाठवला. बुरशी निघाली, पात्यावरून आत शिरलेली. मग त्यांनी विचारलं, "आजी, आधी कुठले थेंब घातलेत?" मी पर्समधून बाटली काढून दिली. त्यांचा चेहरा उतरला. "हे स्टेरॉइड आहे. यानं लाली जाते, पण बुरशीला मोकळं रान मिळतं. कोणी घातलं हे?"

मी तोंड उघडण्याआधीच आत्या म्हणाली, "मीच घातलं. घरात पडलं होतं, म्हटलं वाया कशाला घालवा."

मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लाजिरवाणी शांतता.

मग दिवसभर दर तासाला दुधासारखं पांढरं औषध सुरू झालं. ते तिच्या पापण्यांवर वाळून बसायचं. ठिपका मात्र वाढतच होता. बुरशी बुरशीत फरक असतो, एकीला मारणारं औषध दुसरी सहज पचवते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. प्रयोगशाळेत आत्याच्या डोळ्यातली बुरशी वाढवून तिच्यावर एकेक औषध घालून पाहिलं, तेव्हा कळलं की ती ह्या पांढऱ्या औषधाला जुमानतच नाही. दुसरं लागू पडलं. बुरशी मेली, डोळा राहिला. पण बुबुळाच्या ऐन मध्यावर धुरकट व्रण ठेवून. त्या डोळ्याला मग फक्त उजेड तेवढा कळे.

पुढेही कोरडेपणासाठी तिला थेंब लागत, आणि ते ती माझ्याखेरीज कोणाकडूनही घालून घेत नसे. मान मागे टाकून, डोळा सताड उघडा ठेवून, पापणीही न लवू देता बसायची. ज्या हातानं डोळा घालवला त्याच हाताखाली इतकं निर्धास्त बसणं मला आजही पेलत नाही. एकदा धीर करून मी म्हणाले, "आत्या, ते तेव्हाचे थेंब..." तिनं पदरानं गाल पुसला. "थेंब संपले होय? उद्या आण हो," म्हणाली आणि उठून गेली. तिला सगळं कळत होतं.

आत्या जाऊन तीन वर्षं झाली. काळ दुःखाची धार बोथट करतो म्हणतात, करतही असेल. पण माफी मागायला माणूस समोर लागतं, आणि ती तर रोज माझ्या इतकी समोर होती की माझा श्वास तिच्या कपाळाला लागत असे.