खाऱ्या पाण्याची पेटी

लालासाहेबांच्या घरी समुद्र आहे, असं कवठे महांकाळात लोक म्हणायचे. नौदलात वीस वर्षं काढून ते गावी परतले आणि त्यांनी लोखंडी चौकटीला काचा बसवून, सांधे डांबरानं बुजवून दोन हात लांब पेटी तयार केली. रत्नागिरीहून सुकट आणणारा याकूब पंधरवड्याला ट्रकमधून समुद्राच्या पाण्याचे दोन डबे आणून द्यायचा. खडकांतल्या डबक्यांत सापडलेले पट्ट्यापट्ट्यांचे चार मासे, समुद्रफुलं म्हणतात ते फुलासारखे जीव चिकटलेला एक दगड आणि शंखात राहणारे तीन खेकडे लालासाहेबांच्या सांगण्यावरून त्यानंच एकेक करून आणले होते. विजेवरचा छोटा पंप दिवसरात्र पेटीत हवा सोडत असायचा.

एकाहत्तर साली लालासाहेबांची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून त्यांची खाट पेटीशेजारीच होती. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं आणि पेटीचं दोन्ही लीलाबाईच बघायच्या. उन्हाळ्यात पाणी आटायचं आणि मीठ मागं राहायचं, म्हणून रोज तांब्याभर गोडं पाणी पेटीत ओतावं लागे.

त्र्याहत्तर साली या तांब्याभर पाण्याचीच अडचण झाली. विहिरी कधीच कोरड्या पडल्या होत्या. टँकर एक दिवसाआड यायचा, घराला दोन घागरी. लीलाबाई पहाटे रांगेत उभ्या राहायच्या आणि नंतर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. चैत्रात एकदा रांगेत भांडण झालं आणि एका बाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "तुज्या माशास्नी लागतंय व्हय गं पाणी?" लीलाबाईंना मान वर करता आली नाही.

घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, आजपास्नं पेटीत पाणी घालायचं न्हाई. माणसाला न्हाई तिथं माशाला कुठनं घालू?"

लालासाहेबांनी नुसतं पेटीकडं बघितलं. लीलाबाईंना वाटलं, पटलं त्यांना. कामावर जाताना त्या खाटेजवळ तांब्या भरून ठेवायच्या. संध्याकाळी तो रिकामा असायचा. पेटीतलं पाणी होतं तेवढंच आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दिवसभर हातोडा मारून आल्यावर त्या भाकरी थापायच्या, दोन घोट पाण्याबरोबर नवऱ्याला भरवायच्या आणि आडव्या व्हायच्या.

दहा-बारा दिवसांनी लालासाहेब बरळायला लागले. जीभ लाकडासारखी झाली होती. शेजारच्या मेहरुनबीनं जीप मिळवली आणि त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "हे पाणी पीत नव्हते का? मूत्रपिंडं निकामी होत आलीत."

"पीत हुते की. रोज तांब्या भरून ठेवत हुते मी," लीलाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांना सगळं उमगलं.

सलाइन लागल्यावर तिसऱ्या दिवशी लालासाहेब शुद्धीवर आले. लीलाबाईंनी विचारलं, "डाव्या हातानं पेटीत घालत हुता न्हवं?"

त्यांनी डोळे मिटून होकार दिला. मग जड जिभेनं म्हणाले, "मी आणलं त्यास्नी. त्यांनी कुठं जायचं?"

"आन् मी? मी कुठं जायचं?"

लालासाहेबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्याच दुपारच्या एसटीनं लीलाबाई गावी आल्या. दार उघडून पेटीसमोर बसल्या. पंप चालू होता, मासे काचेला तोंड लावत होते. मेहरुनबी दारात येऊन म्हणाली, "अक्का, दे वतून गटारात. किती जपशील?"

"वतायला मन हुत न्हाई गं. पर घरात ठेवायची बी न्हाई."

दोन दिवसांनी याकूबचा ट्रक आला. लीलाबाईंनी एक दुधाचा कॅन घासून ठेवला होता. त्यात पेटीतलं पाणी भरलं, मासे धरले, समुद्रफुलांचा दगड अलगद ठेवला, खेकडे सोडले. "दर्यात सोड भावा," त्या म्हणाल्या. याकूबनं कॅन केबिनमध्ये पायाशी घेतला. त्यानं मान हलवली खरी, पण लीलाबाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

पुढच्या फेरीला याकूब थेट मिरजेच्या दवाखान्यात आला. लीलाबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. "वयनी, खोटं सांगू का खरं?"

"खरं सांग."

"कोल्हापूरपातूर मी हातानं पाणी ढवळत हुतो. आंबा घाटाआदीच मासं उलटं झालं. फुलं बी गळून पडली. दोन खेकडं जगलं, ती सोडली बंदरावर."

नवऱ्याला सांगायला लीलाबाईंनी आधीच एक गोष्ट रचून ठेवली होती: सगळे पोचले, पाण्यात सुळकन गेले. आत जाऊन त्या खाटेवर बसल्या, आणि त्यांच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं.

लालासाहेबांनी छताकडं बघितलं. "उकाडा लय असंल," एवढंच म्हणाले. त्यानंतर लीलाबाई तोंडाला भांडं लावतील तेव्हा ते निमूट पाणी प्यायचे. पण उशीर झाला होता. अंगावर सूज चढली आणि ज्येष्ठात ते गेले.

गावात लोक बोलले, बाईनं मासे काढले म्हणून म्हातारा झुरून मेला. टँकरच्या रांगेत तावातावानं विचारणारी बाईसुद्धा तेच बोलली. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते लीलाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. रिकामी पेटी त्यांनी मेहरुनबीला कोंबड्यांसाठी देऊन टाकली.

पेटी उचलताना मेहरुनबीनं हळूच विचारलं, "अक्का, लोकांचं मनावर घिऊ नगंस. पर तुला काय वाटतंय, न्हाई काढली असती तर?"

लीलाबाई काचेवरचं पांढरं मीठ पदरानं पुसत होत्या.

"आदीच काढायला पायजे हुती," त्या म्हणाल्या. "ज्या दिशी रांगेत इचारलं, त्याच दिशी."