पुसलं तरी भरलेलंच

कंपनीच्या सर्व्हरवर प्रत्येक कर्मचाऱ्याला पाच जीबी जागा ठरवून दिली होती. ही मर्यादा नीट चालते का, हे तपासायचं काम तिचं. फाइल्स पुसल्या तरी वापराचा आकडा खाली येईना. तिने तसं तीनदा कळवलं. टीमप्रमुखाने अहवालात परस्पर ‘पास’ लिहिलं, तेही तिच्या नावाने.

ती तणतणत त्याच्याकडे गेली. “माझ्या नावावर खोटं का लिहिलंत?”

“अगं, एवढ्याशा गोष्टीवरून कशाला डोकं फिरवतेस?”

“माझ्यासमोर पुसून बघा.”

त्याने चाचणीच्या सगळ्या फाइल्स पुसल्या. फोल्डर रिकामं झालं, आकडा पाचवरच. नवी फाइल ठेवायला गेला, तर ‘जागा शिल्लक नाही’. त्याने अहवालात ‘पास’ खोडून ‘नापास’ लिहिलं.

“झालं समाधान?”

“नाही,” ती म्हणाली, आणि तिथेच उभ्याउभ्या मोठ्या साहेबांना फोन लावला.