कोठीवरचा टाइपरायटर

मी एक जुना इंग्रजी टाइपरायटर आहे, मित्रांनो, आणि वयाला शोभत नसलं तरी कबूल करतो, मी फार मत्सरी आहे.

एक्क्याऐंशी साली तुळशीरामभाऊंनी मला घेतलं. भिवंडीत कचेरीबाहेर बसून ते लोकांचे अर्ज टाइप करत. लोक म्हणत, "भाऊ, तुमच्या मशिनीचा अर्ज साहेब परत पाठवत न्हाय." माझी छाती फुगायची. दर दसऱ्याला भाऊंची बायको पार्वतीबाई मला हळदकुंकू लावायच्या, अक्षता वाहायच्या, झेंडूची माळ घालायच्या.

सत्त्याण्णव साली त्यांच्या मुलीसाठी, कमळसाठी, कॉम्प्युटर आला. भाऊंनी तोवर कचेरीबाहेर बसणं सोडलं होतं. माझं टेबल त्याला गेलं आणि मी तांदळाच्या कोठीवर. त्याला झालरीचं कव्हर शिवलं. मला सोळा वर्षांत फडकं मिळालं ते भाऊंच्या फाटक्या लेंग्याचं! पंख्याचं तोंडही त्याच्याकडेच.

त्या दसऱ्याला माळ त्याच्या गळ्यात पडली. मला एक झेंडू आणि उरल्यासुरल्या अक्षता. त्याच्या बटणांवर मात्र पार्वतीबाईंनी मूठभर वाहिल्या. दुपारी कमळने कॉम्प्युटर लावला, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत 'कीबोर्ड एरर' एवढंच आलं आणि पीं पीं सुरू झालं. तिने वायर काढून घट्ट बसवली, स्टॅबिलायझर बंद करून पुन्हा लावला. तीनदा केलं. गडी ढिम्म! दुरुस्तीवाला सणाला आपल्या गावी, पडघ्याला गेलेला.

मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

पण कमळ रडायला लागली. दापोड्याच्या एका गोदामाच्या ऑफिसने तिला मालाची यादी टाइप करायला दिली होती. ती उद्या दहा वाजता फ्लॉपीत घालून नेली तरच नोकरी. यादी अजून अर्धीच झाली होती.

"बाबा, कीबोर्ड जळला वाटतं. गेली माझी नोकरी."

"रडू नको गं पोरी," भाऊ म्हणाले. "दोन दिस मुदत मागू. अर्ज करायला बाप हाय ना तुझा!"

आणि त्यांनी मला कोठीवरून उतरवलं. खरं सांगतो, असल्या अर्जावर कुणी मुदत देत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी हयात अर्जांत गेली आहे. तरी मी खुशीत होतो. पोरीची नोकरी गेली तर जाऊ दे, भाऊंची बोटं माझ्यावर पडू देत, असं मला वाटलं. इतका मी जळत होतो.

दोन ओळी झाल्या आणि माझं एक बटण खाली गेलं ते वरच येईना. भाऊंनी सवयीने मला वर्तमानपत्रावर पालथं घातलं आणि पाठीत दोन चापट्या मारल्या. अक्षतांचे तीन दाणे पडले. दर दसऱ्याला हे व्हायचंच. भाऊ त्या दाण्यांकडे बघत राहिले.

"कमळ, त्याला पण पालथा घाल!"

"बाबा, तो काय टाइपरायटर हाय?"

"न्हाय, पण पूजा तर तुझ्या आयनं तशीच केली ना?"

कमळने कॉम्प्युटर बंद केला, कीबोर्ड सोडवून पालथा आपटला. तांदूळ सांडले. एक दाणा बटणाखाली रुतला होता, तो पार्वतीबाईंनी सुईने काढला. "नवीन हाय म्हणून जरा जास्तच वाहिल्या," त्या ओशाळून म्हणाल्या. कॉम्प्युटर मुकाट्याने सुरू झाला. शेजारच्या पॉवरलूम कारखान्याची शिफ्ट सुटायच्या आत यादी पुरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी कमळला नोकरी लागली.

म्हणजे वैऱ्याचं औषध निघालं ते माझ्याच पोटातून! कुणी मला शाबास म्हटलं नाही. भाऊंनी आनंदाच्या भरात मला उचललं आणि परत कोठीवर ठेवलं.

मित्रांनो, घरात नवं आणा, त्याला माळा घाला, मी कोण अडवणार? पण जुन्याला बाजूला ठेवताना एकदा त्याच्याकडे नीट बघत जा. कमळच्या मुदतीचा तो दोन ओळींचा अर्ज अजून माझ्यात तसाच अडकून आहे. तेवढा कागद तरी कुणीतरी काढून घ्या हो.