हळद लागलेली फ्लॉपी

मी एक जुनी फ्लॉपी आहे. मित्रांनो, माझ्या बहिणी तुम्ही शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत पाहिल्या असतील. चौकोनी काळी प्लास्टिकची पाठ, वर सरकणारं पत्र्याचं झाकण आणि पोटात पापडासारखी पातळ, गोल चकती. त्या चकतीवर अक्षरं राहतात. माझ्या झाकणाच्या कडेला एक पिवळा डाग आहे. बघणाऱ्याला तो गंज वाटतो. तो गंज नाही, हळद आहे. ती कशी लागली ते सांगावं, म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आम्ही दहा जणी एका खोक्यात होतो. वाशीतल्या एका दुकानातून १९९७ साली शोएबने आम्हाला विकत घेतलं. तो महापेच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचा. वाशीत सिडकोच्या इमारतीत तळमजल्यावर तो, त्याची धाकटी बहीण नबीला आणि त्यांची दादी करिमुन्निसा राहत. दुसऱ्या मजल्यावर सुनीतीबाई होत्या. त्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि शोएब लहानपणी त्यांच्याकडेच पेटी शिकला होता.

करिमुन्निसा मूळच्या न्हावा शेव्याच्या बाजूच्या एका गावातल्या. त्यांच्याकडे लग्नाआधी हळद लागते, तेव्हा बायका गोल बसून गाणी म्हणतात. ती गाणी कुठल्या पुस्तकात नव्हती. पूर्वी गावात ती म्हणणाऱ्या पाच-सहा जणी होत्या. एकेक करत त्या गेल्या, आणि सगळी गाणी एकट्या करिमुन्निसांच्या गळ्यात उरली. सतरा गाणी.

आणि त्याच गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल. जीव वाचेल. आवाजाचं मात्र काही सांगता येत नाही." ऑपरेशनची तारीख नवरात्रातली मिळाली. हातात दोन महिने होते. डिसेंबरात नबीलाचं लग्न होतं. तिच्या हळदीला दादीची गाणी असतील की नसतील, हाच घरातल्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न होता.

शोएबने लगेच टेपरेकॉर्डर आणला. दादीने तो दोन्ही हातांनी दूर सारला.

"ही गानी आमी बायकांत बसून म्हनतो. ह्या डब्यात माझा आवाज गेला, तं उद्या नाक्यावरचा पानवाला पन लावील."

"दादी, मी कोणाला देणारच नाही ना!"

"तू नाय देशील. तुझा डबा देईल." मग त्या म्हणाल्या, "आवाज नको नेव. चाल ने."

आवाज न घेता चाल कशी न्यायची? शोएब दोन दिवस विचार करत राहिला. ऑफिसात तेव्हा नुकतंच इंटरनेट आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता शोधत बसला. तिथे त्याला दूर देशातल्या एका माणसाने केलेलं सॉफ्टवेअर सापडलं. त्या माणसाला आपल्या गावच्या नाचाच्या चाली जपायच्या होत्या. त्यासाठी त्याने साधी युक्ती केली होती. प्रत्येक सुराला एक अक्षर. सूर लांबवायचा असेल, तर अक्षरापुढे आकडा. ताल विभागायला उभी रेघ. पत्र लिहावं तशी गाण्याची ओळ लिहायची, की कॉम्प्युटर त्यावरून छापता येईल असा स्वरांचा कागद तयार करायचा. एवढंच नाही, पोटातल्या छोट्या भोंग्यातून तो चाल वाजवूनही दाखवायचा.

सॉफ्टवेअरबरोबर एक चिठ्ठी होती. "हे सर्वांसाठी आहे. याच्या हव्या तेवढ्या प्रती करा आणि इतरांना द्या. सुधारणा केलीत तर तीही वाटा." शोएबने ती दोनदा वाचली. इंटरनेटवरून उतरवून घेताना फोनची लाइन दोन वेळा तुटली, पण तिसऱ्या खेपेला सगळं आलं आणि माझ्या अंगावर लिहिलं गेलं. कोरी होते तोवर मी नुसती वस्तू होते. त्या दुपारी मला काम मिळालं.

सुनीतीबाई आधी काही ऐकेनात.

"माझ्या पेटीला वीज लागत नाही, शोएब. हे यंत्र कशाला?"

"बाई, तुम्ही वहीत सा रे ग म लिहिताच ना? हेही तेच आहे. फक्त अक्षरं त्याची."

बाईंच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर घरात पडून होता. त्याच्या पोटात काही साठत नसे, सगळं फ्लॉपीवरच ठेवावं लागे. शोएबने मला त्यात घातलं आणि एक सोपी चाल लिहून दाखवली. भोंगा पिपाणीसारखा वाजला. बाई खो-खो हसल्या. "अरे, हा तर सर्दी झालेला विद्यार्थी! पण सुरात आहे हो."

माझे पहिले दोन आठवडे फिरण्यातच गेले. शोएब भेटेल त्याला हे सॉफ्टवेअर द्यायचा. तुर्भ्याला हौसेराव नावाचे बँडवाले होते. ते म्हणाले, "आमच्या बँडात वाचता येनारा एकच, आनि तो बी कायम रजेवर! पन दे, भाच्याला शिकवतो." त्यांच्या भाच्याच्या क्लासमध्ये माझी प्रत निघाली. एका शाळेत निघाली, एका भजनी मंडळात निघाली. शोएबची एकच अट असायची. "घ्या, पण पुढे कोणाला तरी द्यायची." अकरा जणांकडे माझ्या प्रती गेल्या. दरवेळी मी परत यायचे, तेव्हा माझ्यातलं काहीच कमी झालेलं नसायचं. मित्रांनो, देऊनही न सरणारं असं काही आपल्याजवळ आहे, याचा मला फार अभिमान वाटे.

मग खरं काम सुरू झालं. रोज दुपारी करिमुन्निसा हळूहळू जिना चढून बाईंकडे येत. दार लावून दोघी बसत. करिमुन्निसा एक ओळ म्हणत, बाई ती पेटीवर शोधत आणि पाटीवर लिहीत. हो, पाटीवरच. बाईंना लहानपणापासून ती सवय होती. चाल नक्की होईपर्यंत पन्नास वेळा पुसावी लागते, मग कागद कशाला वाया घालवा, असं त्या म्हणत. ओळ पक्की झाली की बाई ती एका बोटाने कॉम्प्युटरवर लिहीत. खाली गाण्याचे शब्द लिहीत. ते सगळं माझ्यावर उतरलं की पाटी ओल्या फडक्याने पुसली जाई.

"बाय, हितं सूर जरा वाकतो," करिमुन्निसा म्हणायच्या.

"वाकतो ते दिसतंय हो. पण ह्या अक्षरांना वाकायला कोण शिकवणार?"

"तू मास्तरीन ना? शिकव."

दोघी हसत. हसता हसता करिमुन्निसांना खोकला येई, मग बाई पाणी आणत. आवाज रोज थोडा घोगरा होत होता. तरीही ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सतरावं गाणं माझ्यावर उतरलं. नवरीच्या पाटाभोवती आंब्याची पानं लावतानाचं ते गाणं होतं. करिमुन्निसा ते संपवून भिंतीला धरून उठल्या. मग खाली गेल्या.

त्या गेल्यावर शोएब एक कोरी फ्लॉपी घेऊन वर आला. "बाई, गाण्यांची प्रत काढून ठेवतो."

बाईंनी माझ्यावर हात ठेवला. "थांब. ही तिची ठेव आहे. तिला विचारल्याशिवाय दुसरीकडे जाणार नाही."

"सॉफ्टवेअर तर आपण सगळ्यांना देतोच ना?"

"ज्याने ते बनवलं, त्याने तसं लिहून ठेवलंय. हिने म्हटलंय का?"

"मग आत्ता खाली जाऊन विचारतो."

"उद्या तिला ऑपरेशनला न्यायचंय आणि आज गाण्यांची वाटणी विचारतोस? घरी येऊ दे. मग विचारू. छापायचंही तेव्हाच बघू."

बाईंच्या गुरूंनी त्यांना अशीच शिस्त लावली होती. दुसऱ्याने दिलेली गाण्याची चीज न विचारता कोणाला द्यायची नाही. शोएबला बाईंपुढे वाद घालायची सवय नव्हती. त्याने कोरी फ्लॉपी खिशात घातली आणि तो घरी गेला. मी त्यांच्यापैकी कोणालाच दोष देत नाही. पण मला बोलता आलं असतं, तर मी त्या संध्याकाळी ओरडले असते.

तीन दिवसांनी खंडेनवमी आली. तुम्हाला ठाऊक आहे, त्या दिवशी आपण आपापली हत्यारं आणि वाद्यं पुजतो. सुतार करवत पुजतो, रिक्षावाला रिक्षा पुजतो. बाईंनी पाट मांडला. पेटी ठेवली, तबला ठेवला, तानपुरा भिंतीला टेकवला. आणि मग त्यांनी मला पेटीच्या शेजारी, मधोमध ठेवलं. सतरा गाणी जिच्या पोटात आहेत, ती त्यांना वाद्याहून मोठी वाटली. फुलाने पाणी शिंपडलं. ओली हळद आणि कुंकू बोटावर घेऊन त्यांनी माझ्या पत्र्याच्या झाकणावरच लावलं. वर अक्षता वाहिल्या. मग हात जोडून त्या म्हणाल्या, "तिचा गळा सांभाळ."

इतका मान मला कधी मिळाला नव्हता. आणि त्याच वेळी ओली हळद झाकणाच्या फटीतून माझ्या चकतीवर झिरपत होती.

पुजलेल्या वस्तूंना त्या दिवशी कोणी हात लावत नाही. हळद आतल्या आत वाळली, तिची पूड झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पदराने पुसून कॉम्प्युटरमध्ये घातलं. चकती गरगर फिरू लागली आणि खर्र असा आवाज आला. पूड माझ्या अंगावर सगळीकडे घासत गेली. बाईंना वाटलं, नीट बसली नसेल. त्यांनी मला काढून पुन्हा घातलं. पुन्हा खर्र. असं त्यांनी चार वेळा केलं.

शोएब मला महापेला घेऊन गेला. तिथल्या जाणत्यांनी मला उघडलं, मऊ कापडाने पुसलं, तीन निरनिराळ्या कॉम्प्युटरमध्ये घालून पाहिलं. एकही गाणं वाचता आलं नाही. सॉफ्टवेअरही गेलं होतं, पण ते परत मिळायला वेळ लागला नाही. त्याच संध्याकाळी हौसेरावांच्या भाच्याने आणून दिलं. गाणी कोण आणून देणार? ती फक्त माझ्याकडे होती.

करिमुन्निसा घरी आल्या, तेव्हा गळ्याला पट्टी होती. आवाज गेला होता. श्वासासारखी कुजबुज तेवढी उरली होती. सुनीतीबाई मला घेऊन खाली गेल्या आणि त्यांच्या पलंगाशी बसल्या. त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. करिमुन्निसांनी मला हातात घेतलं. अंगठ्याने माझ्यावरचा पिवळा डाग हळूच चोळला.

"हळदीचीच गानी व्हती, बाय," त्या कुजबुजल्या. "हळदीला गेली."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसत त्यांनी विचारलं, "मी दुसरी प्रत काढली असती, तर तुम्हाला चाललं असतं का?"

करिमुन्निसांना तो प्रश्नच कळेना. "गानी म्हनायला असतात. लोकांनी म्हनायची. मी आवाज नको म्हटलेला. चालीला कवा नाय म्हटलं?" मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "इचारायचंस ना गं."

दुसऱ्या दिवसापासून बाई पेटी खाली नेऊ लागल्या. त्या आठवेल ती ओळ वाजवायच्या आणि करिमुन्निसा मानेने हो किंवा नाही म्हणायच्या. कधी बोटाने वर दाखवायच्या, म्हणजे सूर चढा हवा. शब्द ओठांवरून वाचायचे. महिनाभर असं चाललं. सतरापैकी चार गाणी परत मिळाली. पाचव्या गाण्याच्या दोन ओळी आल्या. पुढचं दोघींनाही सापडलं नाही.

या वेळी शोएबने कोणाला विचारलं नाही. प्रत्येक गाणं झालं, की त्याच दिवशी त्याच्या प्रती निघाल्या.

नबीलाच्या हळदीला मी बाईंच्या पिशवीत होते. मुली छापलेले कागद घेऊन बसल्या आणि चारही गाणी त्यांनी छान म्हटली. करिमुन्निसा मधोमध बसून टाळ्यांनी ताल देत होत्या. चौथं गाणं संपलं. मुलींनी कागद खाली ठेवले. करिमुन्निसांच्या टाळ्या थांबल्या नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. त्या पुढचं गाणं म्हणत होत्या आणि कोणालाच ते ऐकू येत नव्हतं. आधी मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. मग नबीलाने हळद लागलेल्या हातांनी दादीच्या तालाला ताल धरला. नंतर सगळ्यांनीच धरला. खोलीत गाणं नव्हतं, नुसत्या टाळ्या होत्या. गाणं संपलं तेव्हा करिमुन्निसांनीच हात थांबवले, म्हणून ते संपल्याचं आम्हाला कळलं.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. तेरा गाणी त्यांच्याबरोबर गेली.

उरलेली चार गाणी शोएबने त्या दूर देशातल्या माणसालाही पाठवली. सोबत चिठ्ठी होती, ती सुनीतीबाईंनी सांगितली तशी लिहिली. "ही करिमुन्निसांची गाणी आहेत. हवी तेवढ्यांना द्या. विचारायची गरज नाही, त्यांची परवानगी आहे." त्याचं उत्तर आलं, की त्याच्या गावातल्या लग्नात एका म्हाताऱ्याने त्यातली एक चाल सारंगीसारख्या वाद्यावर वाजवली.

आता मी बाईंच्या पेटीवरच्या डबीत असते. माझ्यातलं काही वाचता येत नाही, माझ्यावर काही लिहिता येत नाही. कामाच्या दृष्टीने मी कचरा आहे, पण बाई मला टाकत नाहीत. आता खंडेनवमीला त्या मला पाटावर मांडत नाहीत. त्या दिवशी त्या चार गाण्यांची एक नवी प्रत काढतात आणि जिना उतरून कोणाच्या तरी घरी देऊन येतात. परवा त्या परत आल्या, तेव्हा त्यांना खूप धाप लागली होती.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी एकटंच जाणणारं असेल. एखादं गाणं असेल, एखादी गोष्ट असेल, कुठल्या पालेभाजीचं नाव असेल. आज शाळेतून घरी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. लिहिलेलं दुसऱ्याला द्यायचं का, तेही त्यांनाच विचारा. पण उद्या नको, आजच विचारा. ते हो म्हणाले, तर एक प्रत शेजारच्या घरी ठेवून या. बहुतेक ते हो म्हणतील.

आणि कधी सुनीतीबाईंकडे आलात, तर माझ्यावरचा हा डाग पुसू नका. त्या तेरा गाण्यांचं आता एवढंच उरलं आहे.