साडूंचा दुसरा भाग

भिकनच्या वागण्याला हल्ली काही धरबंध राहिला नव्हता. सकाळी खात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यात, जाताना बहिणीकडे चहाला थांबायचं हा त्याचा नेम. नेम त्याने मोडला नव्हता, पण चहा म्हणजे काय, तर कप तोंडाला लावायचा, जीभ भाजून घ्यायची आणि पुष्पाबाई स्टोव्हपासून वळेपर्यंत पायांत चपला. विचारलेल्याचं उत्तर द्यायचं ते छताला. सख्ख्या बहिणीच्या घरात माणूस असा वागतो? विजेचा मीटर बघायला येणारा माणूससुद्धा जरा टेकतो, पाणी पितो, गावाकडची चौकशी करतो.

"दुसरा भागनी कॅसेट उनी का रे?" तिने पाठमोऱ्या भिकनला विचारलं.

"नही उनी, आक्का. मुंबईथीन मालच निघना नही."

"व्हिडिओ लायब्ररीवाला तर पोस्टर लाईसन बसना शे. पोस्टर उनं आनि कॅसेट काय रस्तामा झोपी गयी?"

"पोस्टर पहिले येस," भिकनने चौकटीला सांगितलं, आणि गेला.

पुष्पाबाई बराच वेळ दाराकडे बघत राहिली. अमळनेरकडचं हे पोरगं तिने हाताला धरून सुरतेला आणलं होतं. मालकाच्या दारात उभं राहून त्याला लूमच्या खात्यावर लावलं, त्याच्यासाठी पोरगी तिनेच पाहिली, सुवर्णा. डिंडोलीत दोन गल्ल्या सोडून खोली बघून दिली. एवढं करून उत्तर छताला.

आणि विचारलं काय होतं तिने? एका कॅसेटचं.

ती साधी कॅसेट नव्हती, हे मात्र कबूल करायला हवं. प्लेगच्या साली सगळी डिंडोली घरांना कुलपं लावून गावाकडे पळाली होती. परत आली ती भीत भीत. कोणी कोणाच्या जवळ बसेना, खोकला आला तर माणूस तोंड फिरवायचा. त्या दिवाळीत पुष्पाबाईने गल्ली हसायला लावायची म्हणून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणवला. पहिल्या भागाची कॅसेट भिकनने आणली, डब्यावरचं चित्र बघून. दोन पोलिस, एक उंच हडकुळा, एक बुटका ढेरपोट्या, आणि ढेरपोट्याची लाथ हवेत. लावल्यावर कळलं की बोलणं कोणाच्याच बापाला समजत नाही. कोणी म्हणे इंग्रजी, कोणी म्हणे चिनी. बायका जांभया द्यायला लागल्या, मुलं चुळबुळायला लागली. मग पडद्यावर हडकुळ्याने ढेरपोट्याच्या पुढची थाळी ओढली, आणि खाटेवर बसलेली पुष्पाबाई सहज म्हणाली, "हे साडू आहेत."

सगळी डोकी वळली.

"बघा ना. दोघं सासरी आलेत. मान कोणाला जास्त मिळतो त्यावरून चाललंय."

आणि खरंच तसंच दिसायला लागलं. मिशीवाला म्हातारा आला आणि दोघांनी त्याला सलाम ठोकला, तो सासरा. लाल कपड्यातली बाई आली. ती धाकटी मेहुणी, लग्नाची. एक काळी बॅग सगळ्यांनी एकमेकांच्या हातून पळवली. तिच्यात मेहुणीच्या लग्नातला आहेर. उड्या मारत आलेले गुंड नवरदेवाकडचे, मानपान राहिला म्हणून चिडलेले. अशी मारामारी ज्याने सासरच्या मांडवात पाहिली नाही असा माणूस गल्लीत एकही नव्हता. पुष्पाबाई दोघांचं बोलणं दोन आवाजांत म्हणायची आणि शेजारी बसलेला भिकन प्रत्येक लाथेला पत्र्याचा डबा वाजवायचा. बहीण-भावाची अशी जोडी जमली की लोक पडदा सोडून खाटेकडे बघायला लागले.

पुढे ती कॅसेट किती वेळा लागली याला गणती नाही. केबलची तार गल्लीत आली तरी लागत राहिली. पलसाण्याहून, हजीऱ्याहून पाहुणे यायचे ते "साडूंचा पिक्चर लावा" म्हणत. शेवटी लाल कपड्यातली बाई होडीत बसून निघून जाते. पुष्पाबाईने सांगून ठेवलं होतं, मेहुणी रुसून गेली, लग्न दुसऱ्या भागात. तेव्हापासून गल्ली दुसऱ्या भागाची वाट बघत होती, आणि न पाहिलेल्या पिक्चरमधलं लग्न पुष्पाबाईने तांदूळ निवडता निवडता मनात लावून ठेवलं होतं. हडकुळा साडू रुसणार कुठे, ढेरपोट्या त्याला पंगतीत ओढून आणणार कसा, सासरा डोळे पुसणार कधी, सगळं. दुसरा भाग तिने सांगायचा, भिकनने वाजवायचा. यात विचारण्यासारखं काय होतं?

मंगळवारी शेजारच्या मंगलाबाई वाटीत काढा घेऊन आल्या. मंगलाबाई परभणीकडच्या, मनाने साध्या, पोटात काही न ठेवणाऱ्या.

"उतरला का ताप, आक्का?"

"कोणाचा ताप?"

"आवं, तुमचा. भिकनभाऊ म्हनले की, आक्का तापानं फणफणलीय, म्हणून येईना." मंगलाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. "गार हाय की."

"कुठे येईना मी?"

"लोटूभाऊकडं. रविवारी. तो दुसरा भाग लावला न्हवं का भिकनभाऊनी."

पुष्पाबाईने वाटी खाली ठेवली. रविवारी दुपारी सुवर्णा तिला उधन्याला घेऊन गेली होती, बांगड्या भरायला. कधी नाही ते प्रेम. बांगड्या पसंत करायला त्या बाईने एवढा वेळ लावला होता की दुकानदारालाच शेवटी कंटाळा आला. परत आल्यावर गल्ली रिकामी दिसली, तेव्हा सुवर्णा म्हणाली होती, कोणाकडे तरी जावळ असेल. लोटू भिकनच्याच खात्यावरचा, राहायला रेल्वे फाटकापलीकडे. तिकडचा आवाज इकडे येणारच नव्हता.

"गोष्ट कोणी सांगितली?" तिने विचारलं.

"सांगायची काय गरज? हिंदीत बोलत्यात की आता. समदं समजतंय." आणि मंगलाबाईंना हसू आवरेना. "आवं आक्का, ते साडू न्हाईतच. एका ठाण्यातले दोन पोलिस. आन तो मिशीवाला सासरा न्हवं, त्यांचा सायेब. आन ती लाल कपड्याची मेहुणी, ती तर चोरांची पुढारी निघाली."

"आणि बॅगेत?"

"हिरे. आपल्या वराछाला घासत्यात तसले."

"आणि लोक काय म्हणाले?"

"हसले."

"कोणाला?"

मंगलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग पदरातूनच म्हणाल्या, "लई हसले, आक्का."

त्या गेल्यावर पुष्पाबाईने तो काढा मोरीत ओतला. साडू नव्हते तर नव्हते. ती कुठे शाळेत गेली होती. दुसरीत पाटी फुटली आणि तिथेच शिक्षण संपलं. ती लोटूच्या घरी असती तर हसणाऱ्यांच्या आधी तीच बोलली असती. हिंदीवाल्यांनी गोष्ट बिघडवली, असं ठणकावून सांगितलं असतं आणि निम्म्या लोकांनी ते मानलंही असतं. उरलेल्या निम्म्यांशी ती आयुष्यभर भांडली असती, तेही चाललं असतं. पण तिला तिथे असूच दिलं नाही. तापात झोपवून तिच्या माघारी सगळ्यांना बोलावलं, आणि बोलावणारा कोण, तर डबा वाजवणारा.

तरीही तिने मनाला एक फट ठेवली. बहिणीची फजिती होऊ नये म्हणून केलं असेल. पोरगं लहानपणापासून तसंच, कपबशी फुटली तर तुकडे मातीत पुरणारं. ही फट बंद करायची की उघडी ठेवायची, ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सुवर्णा भिकनचा डबा घेऊन निघाली होती. पुष्पाबाईने तो तिच्या हातातून घेतला. "तू बांगड्या पाहाले जाय," एवढंच म्हणाली. सुवर्णाने मान वर केली नाही.

खात्यांच्या गल्लीत शिरलं की कान बंद होतात. दोन्ही बाजूंनी लूम धडधडत असतात. तिथली माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात आणि घरी आल्यावरही तसंच बोलतात, म्हणून त्यांच्या बायका चिडतात. पुष्पाबाई भिकनच्या खात्याच्या दारापाशी पोचली आणि वीज गेली. एकेक करत सगळी गल्ली गप्प झाली. आणि त्या शांततेत, आतून, तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"पहा, पहा, मान राही गया ना हडकुळाना! आते बठ्ठा मांडव डोकावर लेई तो!"

माणसं खो खो हसली. पुष्पाबाई दाराच्या कडेला थांबली. आत सुताच्या बाचक्यांवर कारागीर बसले होते आणि मधे भिकन उभा होता, कमरेवर हात, मान तिरकी, खांद्यावर रुमालाचा पदर. जीभ टाळ्याला लावून तो 'च्च' करत होता, अगदी ती करते तसं. इतकं बरोबर की ती दुसऱ्या कोणाची नक्कल असती तर पुष्पाबाईने पोट धरलं असतं.

"खरं सांग भिकन," लोटू डोळे पुसत म्हणाला, "तुले कधीपासून माहीत व्हतं साडू नहीत म्हणून?"

"पहिली दिवाळीपासून. पलसाणाना प्रशांत शे ना, कापड रंगाडाना प्रोसेसमधला, इंग्रजी समजस त्याले. त्याने तव्हाच सांगेल व्हतं. सासरा म्हणजे सायेब, मेहुणी म्हणजे चोर."

"मंग डबा काबर वाजाडत होता इतली वर्षं?"

"मजा यायची ना. तठे डबा वाजाडाना, आनि अठे तुमले करी दाखाडानं." भिकनने रुमालाचा पदर सावरला. "आक्काले कोन सांगी? अडाणी ती अडाणी, वर नाकवर राग."

पुन्हा हसू फुटलं. पुष्पाबाईला एकाएकी कळलं, गल्ली एका रविवारी हसली होती, पण हे खातं इतकी वर्षं हसत होतं. खाटेवर तिच्या मांडीला मांडी लावून बसलेला भिकन ऐकत नव्हता, पाठ करत होता.

ती आत गेली. आधी लोटूने पाहिलं आणि तो उठला, मग बाकीचे. भिकनने वळून पाहिलं तेव्हा रुमाल अजून त्याच्या खांद्यावरच होता.

"आक्का, गंमत चालू व्हती," लोटू म्हणाला.

"बस रे तू. तुन्हा घरमा टीव्ही लावा, तू चहा पाजा, तुन्हं काय चुकनं?" तिने डबा बाचक्यावर ठेवला. "भिकन, रुमाल राहू दे. शोभस."

भिकनने रुमाल ओढून मुठीत घेतला. "आक्का, तुले वाईट वाटतं म्हणून... हिंदीमा व्हतं, लोकं तोंडवर हसतात तुले..."

"म्हणून तू पाठवर हसाडं?"

ती एक पाऊल पुढे आली.

"प्रशांतनी सांगं, तव्हा मन्हा कानमा एक सबद टाकता नही उना? मी खाटवरथीन उतरी जाती. नही तर दुसरी गोष्ट करती. माले काय गोष्टीसना तोटा व्हता?"

"तुले सांगाले भ्याव वाटनं," भिकन जमिनीकडे बघत म्हणाला. "तू असी पाहस ना..."

"कसी?"

"आते पाही राहिनी तसी."

कोणीतरी मागे हसू दाबलं आणि मग खोकल्यासारखं केलं. पुष्पाबाईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला वाटलं होतं संताप येईल, पण तो येईना. समोर उभा असलेला हा माणूस तिला नीट दिसत होता, केस कानाशी पांढरे व्हायला लागलेला, मुठीत रुमाल चुरगाळणारा, आणि आयुष्यभर तिच्या शेजारी बसूनही कधी तिच्या बाजूने न बसलेला. मनातली ती फट तिने आपल्या हाताने लावून टाकली.

तिथे सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. ती मात्र हळू बोलली, पण शेवटच्या लूमपाशी बसलेल्यालाही ऐकू गेलं.

"गोष्ट मन्ही चुकनी, ते मी गल्लीमा उभी राहीसन सोता सांगसू. तुन्ही नक्कलना बी माले राग नही, मन्हापेक्षा चांगली करस तू. अडाणी म्हणना, ते बी खरं शे. पण तुले खरं माहीत व्हतं आनि तू मन्हा खोटावर डबा वाजाडत राहिना. माले लोकं हासू नहीत म्हणून नही, मी तुन्हाकडे असी पाहसू या भ्यावथीन. भिकन, तू लबाड नहीस. लबाड भाऊले मी दोन थापडा मारीसन सुधारी लेती. तू भित्रा शेस, आनि भित्रा मानूसवर माले आते कधीच भरोसा ठेवता येवाव नही."