दोन घरची गाडी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर भंगारात काढलेली मोटार. तसं माझं वय फार नाही. पालघरजवळच्या एका प्रशिक्षण संस्थेमागे, पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी आहे, त्याला तीन पावसाळे झाले. माझ्या बॉनेटला रंग नाही, दारं दोन रंगांची आहेत आणि नाव तर मला कधी ठेवलंच गेलं नाही. मी चाचणीची पहिली गाडी. माझ्यासारख्या ठेंगण्या, वेगवान गाड्या आज रस्त्यावर दोन वेगवेगळ्या नावांनी धावतात. त्या दोघींची मी थोरली बहीण.

सप्ततारा मोटर्स आणि वज्रगिरी ऑटो या दोन कंपन्यांचं एकमेकींशी कधी पटलं नव्हतं. एकीने नवी गाडी काढली की दुसरी तिच्यातली खोड शोधायला बसायची. पण स्पोर्ट्‌स गाडी घेणारे लोक थोडे आणि ती घडवायला कष्ट फार. एकट्या कंपनीला ते झेपेना. म्हणून ठरलं की सांगाडा, इंजिन, ब्रेक सगळं मिळून एकच बनवायचं आणि वरचं रूप मात्र जिचं तिने द्यायचं. एक कंपनी दुसरीच्या कारखान्यात पाऊल टाकायला तयार नव्हती. शेवटी दोघींच्याही नसलेल्या जागी, बोईसरच्या एमआयडीसीत एक रिकामी शेड भाड्याने घेतली. तिथे माझा जन्म झाला.

सांगाडा, स्टिअरिंग आणि ब्रेक सप्ततारेने करायचे, इंजिन आणि गिअर वज्रगिरीने. शेडच्या मधोमध प्लायवूडचा पडदा उभा राहिला. अलीकडच्या माणसाला पलीकडे काही विचारायचं असेल तर ते लिहून द्यावं लागे आणि त्याचं उत्तर यायला दोन-दोन दिवस लागत.

अलीकडे, सप्ततारेच्या बाजूला, ब्रेकचं काम पाहायची वर्षाराणी. सोलापूरकडची मुलगी, बोलणं कमी, हात चोख. पलीकडे इंजिनावर केदार होता. दोघं एकाच टपरीवर चहा प्यायचे, पण कामाचा शब्द काढायचे नाहीत. तशी सक्त ताकीदच होती. दोन्ही बाजूंना मोकळा फिरायचा तो एकटा पंढरी. हा परभणीचा फिटर वीस वर्षांपासून बेटेगावात खोली घेऊन राहत होता आणि शेडच्या ठेकेदाराकडे कामाला होता.

इंजिन बसवायच्या दिवशी ते माझ्या स्टिअरिंगच्या दांड्याला घासू लागलं. चार मिलीमीटरचा फरक होता. दोन्हीकडचे लोक आपापला नकाशा बरोबर असल्याचं सांगत आठवडाभर भांडले. मग पंढरीने टेप घेतला आणि दोन्ही नकाशांची मापं माझ्या अंगावर धरून पाहिली. एकाने पुढच्या चाकांच्या आसापासून मोजलं होतं, दुसऱ्याने केबिनच्या पत्र्यापासून. नकाशे दोन्ही बरोबर होते, फक्त कुणी कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी सगळे हसले. पण पडदा काही हलला नाही.

मी धावायला लागले तेव्हा मला चालवायला आला जानू. हा मासवणचा माणूस. आधी मनोरच्या रस्त्याला टेम्पो चालवायचा, मग बारा वर्षं चाचणीच्या गाड्या चालवण्यात घालवली. एका बंद कारखान्याच्या आवारात दीड किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा रस्ता होता. तिथे तो मला पळवायचा आणि थांबवायचा. उतरताना माझ्या टपावर हळूच थाप मारायचा. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं कौतुक तेच.

नवव्या-दहाव्या दिवसापासून वर्षाराणीच्या स्क्रीनवर एक आकडा वाढू लागला. माझ्या ब्रेकचं तेल जरुरीपेक्षा जास्त तापत होतं. तेल उकळलं की त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ पडतं. दर दोन फेऱ्यांनंतर मला निववायचं, असा नियम तिने घातला. पण तेल तापतं का, ते तिला उमगेना. ब्रेकची नळी सायलेन्सरच्या नळीला लागून जात होती. सायलेन्सरची नळी किती तापते, हे फक्त वज्रगिरीला ठाऊक होतं. वज्रगिरीने प्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांना जास्त जोर दाखवण्यासाठी इंजिनाची जुळणी, म्हणजे ट्यूनिंग, गुपचूप बदलली होती. त्यामुळे सायलेन्सर ठरल्यापेक्षा पुष्कळच तापत होता. केदारला हे माहीत होतं. पण सायलेन्सरच्या शेजारून ब्रेकची नळी जाते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षाराणीने आपल्या वरिष्ठ कीर्ती मॅडमना आकडे दाखवले आणि पलीकडे विचारू का, असं म्हणाली. मॅडमनी कागद उलटा ठेवला. हा आकडा तिकडे गेला की आपले ब्रेक कच्चे असा बोभाटा होईल आणि ब्रेकचं काम ते स्वतःकडे ओढतील, असं त्यांचं म्हणणं. वर्षाराणीने नऊ दिवस पलीकडे काही विचारलं नाही. रोज सकाळी ती माझ्या चाकाशी बसून नळीला बोट लावून पाहायची आणि उठून कामाला लागायची.

मग प्रदर्शनाचा दिवस आला. दोन्ही कंपन्यांचे मोठे लोक येणार होते. गाडी पाहुण्यांच्या पुढ्यात येऊन थांबली म्हणजे शोभा येईल, म्हणून मांडव रस्त्याच्या अगदी शेवटाला घातला. त्याच्यामागे कारखान्याची दगडी भिंत. वर्षाराणी आणि केदार रस्त्याच्या कडेला, साधारण मध्यावर, दोन वेगळ्या टेबलांशी बसले होते. जानूशी बोलायचा वॉकी-टॉकी पंढरीच्या हातात होता.

दोन फेऱ्या झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता मला निववायचं होतं, पण मांडवातून निरोप आला, थांबू नका, लगोलग पळवा. तिसरी फेरी झाली, चौथी झाली. माझ्या पोटाखाली भट्टी पेटली होती. मला कळत होतं, पण मला कुठे बोलता येतं?

वर्षाराणीने फोन लावला. मॅडम म्हणाल्या, एकच फेरी राहिली आहे. तोवर जानूने मला पुन्हा सोडलं होतं.

ती उठली. हातातला कागद घेऊन सरळ केदारच्या टेबलाशी गेली आणि तो त्याच्यापुढे ठेवला. "तुमचा सायलेन्सर किती तापतोय? माझी नळी त्याच्या शेजारून जाते."

केदारने कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. एवढ्यात वॉकी-टॉकीवर जानूचा आवाज आला.

"पंढरीभाऊ, पेडल खाली गेला. ब्रेक नाय लागत."

मी तेव्हा ताशी एकशे सत्तरने धावत होते. पुढे सातशे मीटर रस्ता, मग मांडव आणि भिंत. वर्षाराणीने पंढरीच्या हातातून वॉकी-टॉकी घेतला.

"जानूदादा, हँडब्रेकची तार वेगळी आहे. बटण दाबून ठेवा आणि थोडा थोडा ओढा. एकदम नको, गाडी फिरेल."

जानूने ओढला. माझी मागची चाकं किंचाळली. वेग उतरत होता, पण पुरेसा नाही. तिने वॉकी-टॉकी केदारपुढे धरला. केदारचे साहेब त्याच वेळी मांडवातल्या दुसऱ्या वॉकी-टॉकीवर सगळं ऐकत होते. खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडीला आवरतं, पण त्याचे फेरे भलतेच वाढतात. इंजिन मिनिटाला किती फेरे सोसतं हे वज्रगिरीचं सर्वांत मोठं गुपित. करारात साडेसात हजार लिहिले होते. केदारने वॉकी-टॉकी तोंडाशी नेला. मग बोलला.

"दादा, आता तिसरा टाका, मग लगेच दुसरा. काटा लालमध्ये जाऊ द्या. इंजिन नऊ हजारांपर्यंत सोसतं. आम्ही तपासलंय."

जानूने तिसरा टाकला, मग दुसरा, आणि काटा नऊ हजारही ओलांडून गेला. मित्रांनो, तो आवाज मी विसरणार नाही. माझ्या आत काहीतरी वाकलं, मग तुटलं. मांडवातले लोक खुर्च्या पाडत पळाले. मी घसटत, थरथरत पुढे गेले आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांपासून हातभर अंतरावर थांबले.

जानू उतरला. आज त्याने थाप मारली नाही. दोन्ही हात टपावर ठेवून तो नुसता उभा राहिला. "वाचिवलास गो," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तीन आठवडे करार मोडता मोडता राहिला. दोन्ही कंपन्यांनी एकमेकींवर दोष ढकलणारे अहवाल तयार केले. वर्षाराणीपुढे सहीसाठी जो आला त्यात सगळा दोष सायलेन्सरचा होता. तिने सही केली नाही. वेगळ्या कागदावर लिहिलं की नळी तिथून न्यायला नको होती, तेल तापतंय हे आपण नऊ दिवस पाहिलं आणि सांगितलं नाही. पलीकडे केदारनेही जुळणी बदलल्याचं लिहून दिलं. पंढरी सांगत होता, कीर्ती मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. प्रदर्शनाच्या दिवशी पहिल्या रांगेत त्याही होत्या. दुसऱ्या सकाळी त्यांनी पंढरीला बोलावून मधला पडदा काढायला सांगितला.

पुढचं काम झपाट्याने झालं. नळीचा मार्ग बदलला, आकडे दोन्हीकडच्या स्क्रीनवर एकदम दिसू लागले. पण केदार ते पाहायला नव्हता. गुपित उघड्यावर बोलल्याबद्दल त्याला सुट्या भागांच्या गोदामावर पाठवलं होतं. गाडी बाजारात आली तेव्हा वर्षाराणीचा सत्कार झाला. ती भाषणात केदारचं नाव घेऊन लगेच खाली बसली.

आणि मी? फुटल्या इंजिनाची गाडी कोण ठेवणार? तोडण्याऐवजी मला इथे, तुम्हा मुलांना शिकायला दिलं. पहिल्या वर्षी रोज कुणीतरी मला उघडायचं. आता नवी यंत्रं आली. खाऱ्या हवेने माझे सांधे गंजताहेत, सीटमध्ये उंदरांनी घर केलंय.

माझं फार मागणं नाही. गाडी एकाच जागी उभी राहिली की टायर खालून चपटे होतात आणि मग कधीच गोल होत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा मला दोन हात पुढे ढकला. एकाला मी हलणार नाही, वजनदार आहे. शेजारच्या वर्गातल्या कुणाला तरी हाक मारा, तुमचं त्याच्याशी पटत नसलं तरी. आणि ढकलण्याआधी त्याला विचारा, तुझ्या बाजूच्या चाकाला काही अडकलंय का.