पाव टक्का आगर

सरांच्या नावावर एकोणचाळीस शोधनिबंध आहेत. त्यांतल्या किती प्रयोगांना सरांचा हात लागला, हे मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील. जीवाणू अन्नाच्या दिशेनं कसे पोहतात यावर ते तासन्‌तास बोलतात. पोहणारा जीवाणू त्यांनी शेवटचा पाहिला तेव्हा डोक्यावर केस होते.

प्रत्यक्ष काम विद्यार्थिनीकडे. सकाळी सहाला तिनं सहा प्लेटांत, पातळ जेलीच्या मधोमध जीवाणू टोचले होते. मधलं अन्न खाऊन फस्त केलं की ते बाहेर, न खाल्लेल्या बाजूला सरकतात आणि जेलीत धुरकट कडं उमटतं. दुपारी तीनला ती कडी दाखवली तरच पीएचडीला सहा महिन्यांची मुदतवाढ. नाहीतर तीन वर्षांच्या कामावर पाणी.

विद्यापीठाकडून तपासायला आलेल्या बाई वयस्कर, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्यासमोर काहीतरी करून दाखवायची सरांना हुक्की आली. त्यांनी इनक्युबेटर उघडला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, प्लेटा सरळ? उलट्या ठेवायच्या असतात! एवढंही मीच सांगू?"

"सर, नको, ह्या तशा—"

"तू थांब."

सहाही प्लेटांची चळत सरांनी एका झटक्यात उलटी केली. जेली कड्यांसकट सुटली आणि झाकणांत पचकन पडली.

जीवाणूला मेंदू नसतो. तरी मघापेक्षा आता बरं की वाईट, एवढं तो ताडतो. वाईट असेल तर गिरकी घेऊन दिशा बदलतो. सर सरळच गेले.

"बघितलंत मॅडम? साधी जेली जमत नाही, आणि म्हणे मुदतवाढ."

बाईंनी चष्मा चढवला. "जेली घट्ट करायला आगर किती घालता तुम्ही?"

"दीड टक्का. नेहमीचंच."

"आणि तू गं?"

"पाव टक्का," ती पुटपुटली.

"दीड टक्क्यात ते पोहणार कुठून, सर? भिंतच ती. आत्ता जेली पडली, म्हणजे हिचं प्रमाण बरोबर आहे. आणि कडी मला मघाशीच दिसली."

"मी मुद्दामच केलं," सर म्हणाले. "हिला कळतं का, बघत होतो."

"कळलं ना." बाईंनी अर्ज पुढ्यात ओढून मुदतवाढीवर सही ठोकली. मार्गदर्शकाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. "इथे यांचंच नाव राहू दे?"

"नको," ती म्हणाली.

"अगं, पण मी—"

"सर, आधी ती चळत खाली ठेवा. बाहीत ओघळतंय."